जन्मनोंदीची खिडकी

बेर-शेवाच्या कचेरीत चार नंबरची खिडकी माझी.
काचेवर पाटी : होग्ला अझुलाई.
होग्ला म्हणजे तित्तिर.
शाळेत पोरं मागून घुटर्घूं करायची,
तित्तिर कसं ओरडतं तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

बाबा सांगायचे, जुन्या पोथीत पाच बहिणी होत्या,
बापामागे जमिनीचा वाटा मागायला उभ्या राहिलेल्या.
त्यातली तिसरी तू.
पहिलीच्या नावात आजार होता, दुसरीच्या हालचाल.
ती दुसरी मी आज दिवसातून तीनदा टाइप करते : नोआ, नोआ, नोआ.
तित्तिर अजून कुणी मागितलं नाही.

सोळा वर्षांत मला वाटायला लागलंय
की त्या पोथीतल्या बायकांची नावं
कुणीतरी मेंढवाड्याच्या दारात उभं राहून ठेवली.
राहेल मेंढी.
याएल रानबकरी, कड्यावरची.
दवोरा मधमाशी, त्सिपोरा पाखरू.
लेआ थकलेली; काही पंडित म्हणतात, नाही, गाय.
धार काढणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा,
दोन्हींत फार अंतर नाही.
रित्स्पा तेव्हा निखारा होती, आता नुसती फरशी.
हुल्दा भविष्य सांगायची, आज त्या शब्दाचा अर्थ घूस,
म्हणून तीही बाद.
आणि एकीचं नाव काजळाची शिंगडी, केरेन-हप्पूख,
जे अर्जाच्या चौकटीत मावत नाही.

मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना,
बेलायनेश आली. दिमोनाची.
मृत समुद्राकाठच्या कारखान्यात पाळीवर जाणारी,
बोटांच्या भेगांत पांढरं साचलेलं.
पाठीवरच्या झोळीत अकरा दिवसांची मुलगी.
अर्जात सगळं भरलेलं, नाव सोडून.

म्हणाली, गाव जळताना एका बाईनं मागे वळून पाहिलं ना,
मिठाचा खांब झाली ती?
आमची बस रोज तिच्या पायाशी वळते.
तिचं नाव काय?

मी म्हटलं, नाव नाही. नवऱ्याचं आहे.
तिच्या मुलींचंही नाही.
पुराच्या जहाजात चढलेल्या चारही बायकांचं नाही,
जनावरं मात्र जोडीजोडीनं मोजलेली.
बापानं दिलेला शब्द पाळावा म्हणून जी मेली
त्या लेकीचं नाही.

बेलायनेश थोडा वेळ गप्प.
मग हळूच, जणू शेजारणीबद्दल बोलावं तशी :
सगळ्यांनी तिला नावं ठेवली,
नाव मात्र कुणी ठेवलं नाही.

थोरल्या लेकी तिकडेच राहिल्या असतील तिच्या.
गोंदार सोडताना मीही पाहिलं होतं,
बहीण कुंपणाशी उभी होती.
माझं काही मीठ झालं नाही.
हे हात सोडून.

आमच्यात नाव म्हणजे अख्खं वाक्य असतं, बाई.
बेलायनेश : तू वरची आहेस.
मग लिही,
हिबीता.

तिने पाहिलं.

हे क्रियापद आहे, मी म्हटलं. नाव नव्हे.
असू दे की, म्हणाली, कुणीतरी काहीतरी केलेलं असू दे एकदा नावात.

संगणकानं विचारलंच : यादीत असं नाव नाही. खात्री आहे?
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.
झोळीत मुलगी जागी झाली.
नजर अजून कशावर ठरत नव्हती तिची,
पंखा, दिवा, पुन्हा पंखा,
मग आलो होतो त्या दाराकडे.

मी 'हो' दाबलं.

पावती घडी घालताना
बेलायनेशनं माझी पाटी अक्षर लावून वाचली.
अर्थ विचारला, मी सांगितला.
म्हणाली, बरं. आणि ते ओरडतं कसं?

सोळा वर्षं मी ह्या काचेमागे बसते.
मला सांगता येईना.